शेजारच्या खुर्चीपर्यंत न पोचणारा मेकॅनिकल कीबोर्ड

‘ब्लू म्हणजे आवाजाचा, ब्राउन म्हणजे मधला, रेड म्हणजे सायलेंट.’ मेकॅनिकल कीबोर्ड, म्हणजे प्रत्येक बटणाखाली स्वतंत्र स्प्रिंगवाला स्विच असलेला कीबोर्ड, घ्यायला निघालेल्या माणसाला पहिल्याच दिवशी स्विचच्या रंगांचं हे सूत्र ऐकायला मिळतं. त्यावर विसंबून तो रेड स्विचचा कीबोर्ड ऑफिसात आणतो आणि दोन दिवसांत शेजारी हेडफोन लावून बसायला लागतात. चूक त्याची नसते, सूत्राची असते. साध्या रेड स्विचमध्ये ‘क्लिक’ नसते, एवढाच त्याचा शांतपणा. बाकीचा खडखडाट जिथल्या तिथे असतो. खरा सायलेंट स्विच ही वेगळी वस्तू आहे, आणि तोही बसवला म्हणजे काम संपलं असं होत नाही.

चार-सहा जण एकाच लांब टेबलावर बसतात अशी जागा डोळ्यासमोर ठेवून पुढचं लिहिलं आहे. को-वर्किंगची जागा असेल, छोटं ऑफिस असेल, नाहीतर लॅपटॉपला परवानगी असलेली अभ्यासिका असेल. घरी एकट्याने वापरायचा कीबोर्ड निवडताना यातले निम्मे मुद्दे गैरलागू ठरतील.

एक बटण दाबलं की काय काय वाजतं

बोट खाली गेलं की स्विचच्या आतला सरकता भाग, म्हणजे स्टेम, तळावर आपटतो. हा पहिला ठोका. बोट उचललं की स्प्रिंग स्टेमला वर ढकलते आणि तो स्विचच्या झाकणाला आतून आपटतो. हा दुसरा ठोका. हा दुसरा ठोका बहुतेकांच्या लक्षातच येत नाही, कारण तेव्हा बोट पुढच्या बटणाकडे निघालेलं असतं. शेजाऱ्याला मात्र दोन्ही ऐकू येतात. म्हणजे मिनिटाला २०० बटणं दाबणारा माणूस ४०० ठोके देतो.

यावर ब्लू स्विच तिसरा आवाज घालतो, आणि तो मुद्दाम घातलेला असतो. चेरी या कंपनीच्या ब्लूमध्ये स्टेमवर एक वेगळा सैल तुकडा असतो, तो ठरावीक जागी सुटून खाली आदळतो. कैल या दुसऱ्या कंपनीच्या बॉक्स व्हाइटमध्ये तेच काम एक बारीक तार करते आणि ती जाताना-येताना दोन्ही वेळा वाजते. हा आवाज फोम घालून, ग्रीस लावून किंवा हळू टाइप करून जात नाही. सामायिक जागेसाठी क्लिकवाला स्विच यादीतून सरळ काढून टाका.

याशिवाय स्प्रिंगची झिणझिण, स्पेसबार-एंटरसारख्या लांब बटणांखालच्या तारांचा खडखडाट, कीबोर्डच्या पोकळ अंगातला घुमारा आणि टेबलात उतरणारी धडधड असे आणखी चार आवाज असतात. स्विच सायलेंट केला की पहिले दोन ठोके बसतात आणि मग हे चार उठून दिसायला लागतात. सायलेंट स्विच घेऊनही स्पेसबारचा आवाज पूर्वीपेक्षा वाढल्यासारखा वाटतो, तो यामुळेच. स्पेसबार आधीही तेवढाच वाजत होता, पण आसपासची बटणं गप्प झाल्यामुळे आता एकटा पडला.

आपला कान साधारण २ ते ५ हजार हर्ट्झच्या पट्ट्यात सर्वांत तिखट असतो. क्लिक, तारेचा खडखडाट आणि कडक प्लॅस्टिकचा ‘टक’ यांचा बराचसा भाग याच पट्ट्यात पडतो. म्हणून आवाज मोजणाऱ्या मीटरवर आकडा सारखा असूनही ‘ठप’ सोसतो आणि ‘टक’ टोचतो. एसी, पंखा यांचा सलग आवाज कान विसरून जातो. मध्येच थांबणारा आणि पुन्हा सुरू होणारा टकटकाट विसरता येत नाही.

खरा सायलेंट स्विच

सायलेंट स्विचमध्ये स्टेमच्या कडांना रबरासारख्या मऊ पदार्थाचे छोटे तुकडे बसवलेले असतात, काही खाली आणि काही वर. खालचे तळावरचा ठोका झेलतात, वरचे झाकणावरचा. दोन्हीकडे गादी असली तरच स्विच सायलेंट म्हणायचा. चेरी एमएक्स सायलेंट रेड हे याचं ओळखीचं उदाहरण. साध्या रेडमध्ये बटण एकूण ४ मिलिमीटर खाली जातं, सायलेंटमध्ये ३.७ मिलिमीटर. ही कमी झालेली जागा त्या गाद्यांनी घेतलेली असते. अक्षर १.९ मिलिमीटरला उमटतं आणि त्यासाठी ४५ सेंटिन्यूटन, म्हणजे ढोबळमानाने ४५ ग्रॅम, जोर लागतो. सायलेंट ब्लॅकला ६० लागतो.

आता निवडीचा पहिला फाटा. सरळ खाली जाणारा, म्हणजे लिनियर, हवा की अर्ध्या वाटेत बोटाला उंचवटा जाणवणारा, म्हणजे टॅक्टाइल? लिनियरमध्ये चेरी आणि गेटरॉनचे सायलेंट रेड, टीटीसीचा फ्रोझन सायलेंट, ड्युरॉकचा डॉल्फिन, आउटेमूचा सायलेंट पीच अशी नावं भेटतील. टॅक्टाइलमध्ये गॅझ्यूचा बोबा यू४, ड्युरॉकचा श्रिंप, आउटेमूचा सायलेंट लेमन. निव्वळ शांतता पाहिली तर लिनियर किंचित पुढे असतो, कारण उंचवट्यावरून घसरतानाचा बारीकसा आवाज त्याला नसतो. पण दिवसभर लिहिणाऱ्यांना उंचवटा असलेला स्विच अनेकदा जास्त मानवतो. अक्षर उमटल्याची खूण बोटाला मिळते, त्यामुळे प्रत्येक बटण तळापर्यंत हाणायची सवय हळूहळू सुटते.

नावांत दोन सापळे आहेत. बोबा यू४ सायलेंट आहे, बोबा यू४टी सायलेंट नाही. उलट तो भरदार ‘ठक्’ आवाजासाठीच लोक घेतात. एका अक्षरावर सगळं उलटतं, त्यामुळे ऑर्डर देताना नाव दोनदा वाचा. दुसरा सापळा विक्रेत्यांच्या वर्णनाचा. साध्या रेड किंवा ब्राउनपुढे ‘सायलेंट’, ‘क्वायट’ असं लिहिलेलं सर्रास आढळतं. ते क्लिक नसल्याबद्दलचं असतं. वर्णनात गादीचा स्पष्ट उल्लेख नसेल, किंवा स्टेमच्या फोटोत कडेला वेगळ्या रंगाचे मऊ तुकडे दिसत नसतील, तर तो स्विच साधा समजा.

सायलेंट स्विचची एक किंमत बोटांना मोजावी लागते, ती आधी माहीत असलेली बरी. तळाला पोचल्यावर कडक थांबा लागत नाही, रबरावर टेकल्यासारखं वाटतं. काहींना हे चिखलात पाय रुतल्यासारखं वाटतं, काहींना आठवड्यात सवय होते. म्हणून ९० स्विच एकदम मागवू नका. विक्री बहुधा १० च्या पटीत असते. दोन-तीन प्रकारांचे दहा-दहा मागवा, कीबोर्डच्या मधल्या रांगेत बसवा आणि दोन दिवस त्यावर खरं काम करा. सुटा स्विच हातात धरून दाबला तर त्यावरून काहीच कळत नाही.

वजनाबद्दल एक ठाम मत. हात जड असेल तर ३५-४० ग्रॅमचा हलका स्विच घेऊ नका. हलकी स्प्रिंग बोटाला अडवत नाही, प्रत्येक बटण पूर्ण जोराने तळाला जातं आणि गादी असूनही ठोका ऐकू येतो. अशा हाताला ५५ ते ६२ ग्रॅमचा स्विच शांत पडतो. बोटं मुळातच हळू चालत असतील तर ४५ पुरेसा आहे.

लांब बटणं आणि मराठी टंकलेखन

स्पेसबार, एंटर, बॅकस्पेस आणि दोन्ही शिफ्ट ही बटणं लांब असतात. एकाच स्विचवर ती तिरकी होऊ नयेत म्हणून त्यांच्याखाली स्टॅबिलायझर असतो. दोन टोकांना प्लॅस्टिकच्या छोट्या डब्या आणि त्यांना जोडणारी वाकवलेली तार, अशी त्याची रचना असते. ८७ बटणांच्या कीबोर्डवर असे पाच असतात, नंबरपॅडसह १०४ बटणांच्या कीबोर्डवर आठ. तार डबीत सैल असली की प्रत्येक दाबाला खडखडते. सायलेंट स्विचच्या कीबोर्डमधला सर्वांत त्रासदायक आवाज हाच, आणि कमी किमतीच्या कीबोर्डमध्ये कंपन्या हात आखडता घेतात तो बहुधा इथेच.

मराठी लिहिणाऱ्यांना हा मुद्दा इंग्रजीत काम करणाऱ्यांपेक्षा जास्त लागू पडतो. इनस्क्रिप्ट या भारतीय भाषांच्या प्रमाण कीबोर्ड मांडणीत ख, घ, छ, ठ, थ, भ ही महाप्राण अक्षरं, ण, ळ, श, ष आणि अ, आ, इ, ई हे सुटे स्वर शिफ्ट धरूनच येतात. ‘आठवण’ हा चार अक्षरांचा शब्द घ्या. आ, ठ आणि ण तिन्हींना शिफ्ट लागतं, एकटा ‘व’ सुटतो. इंग्रजी लिहिताना शिफ्ट वाक्याच्या सुरुवातीला लागतं, इनस्क्रिप्टमध्ये जवळजवळ दर शब्दाला. त्यामुळे दुकानात किंवा मित्राकडे कीबोर्ड तपासताना इंग्रजी वाक्य टाइप करून थांबू नका, दोन्ही शिफ्ट वेगवेगळ्या वीस-वीस वेळा दाबून ऐका. नंबरपॅड नसलेल्या, ‘७५ टक्के’ म्हणून विकल्या जाणाऱ्या आटोपशीर आकाराच्या बऱ्याच कीबोर्डवर उजवं शिफ्ट आखूड असतं आणि त्याला स्टॅबिलायझर लागतच नाही. म्हणजे वाजणारी एक जागा कमी. रोमन अक्षरांतून मराठी उमटवणाऱ्यांना शिफ्ट कमी लागतं, त्यांनी स्पेसबार आणि बॅकस्पेसवर लक्ष द्यावं.

खडखडणारा स्टॅबिलायझर घरी दुरुस्त होतो. केबल काढा. टोपी काढायच्या तारेच्या पुलरने बटणाची टोपी सरळ वर ओढा. लांब टोपी एका टोकाकडून उचकटली तर दांडी तुटते, म्हणून दोन्ही बाजू थोड्या-थोड्या सैल करत काढा. आता तारेची दोन टोकं डबीत शिरताना दिसतील. तिथे डायइलेक्ट्रिक ग्रीस, म्हणजे सिलिकॉनचं दाट ग्रीस, बिनसुईच्या इंजेक्शन सिरिंजने किंवा टूथपिकने सोडा. एका टोकाला मोहरीएवढं पुरे. मग टोपी लावून बटण तीसेक वेळा दाबा म्हणजे ते आत पसरेल. जास्त झालं तर बटण वर यायला आळस करतं. तसं झालं तर कापसाच्या काडीने जादाचं टिपून घ्या. असं ग्रीस इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत, चौकशी केली तर मिळू शकतं. व्हॅसलीन, शिवणयंत्राचं तेल किंवा गंजावर मारायचा स्प्रे यांतलं काहीही वापरू नका. पेट्रोलियमचे पदार्थ रबर फुगवतात आणि सायलेंट स्विचचा सगळा जीव त्या रबराच्या गादीत आहे.

ग्रीस लावूनही एकच बाजू वाजत राहिली तर तार पिळलेली आहे. ती काढून काचेवर आडवी ठेवा. दोन्ही पाय काचेला टेकले तर ठीक, एक अधांतरी राहिला तर बोटांनी अगदी थोडा विरुद्ध दिशेला वाकवा आणि पुन्हा टेकवून पाहा. पहिल्याच फटक्यात जमेल अशी अपेक्षा नको. तीन-चार फेऱ्या लागतात.

स्पेसबारचा पोकळ ‘ढब’ हा वेगळा प्रकार. तो टोपीच्या पोकळीतून येतो. टोपी उलटी करून मधल्या रिकाम्या कप्प्यांत २ ते ३ मिलिमीटर जाडीच्या फोमच्या पट्ट्या चिकटवा. स्विचची आणि स्टॅबिलायझरची जोडणी जिथे बसते ती जागा मोकळी सोडा. पट्टी तारेला घासत असेल तर बटण अडकेल. पाच मिनिटांचं काम आहे, आणि फरक लगेच कळतो.

अंग, टोप्या, टेबल

अंग प्लॅस्टिकचं की अॅल्युमिनियमचं, यावर लोक फार खल करतात. आवाजापुरतं बोलायचं तर आत पोकळी किती आणि ती भरलेली आहे का, एवढं पाहा. तळाशी फोम भरलेला साधा प्लॅस्टिकचा कीबोर्ड रिकाम्या धातूच्या कीबोर्डपेक्षा कमी घुमतो. कीबोर्ड उचलून पाठीवर बोटाने टकटक करा, डब्यासारखा वाजला तर आत काही नाही. सर्किट बोर्डच्या पाठीला कागदी चिकटपट्टीचे दोन-तीन थर लावायची युक्ती लोकप्रिय आहे. तिने आवाजाचा पोत बदलतो, आवाज कमी होतो असं नाही. फोनवरून ऐकलेल्या ध्वनिमुद्रणांवरून तसा समज होतो.

टोप्या जाड घ्या. पीबीटी प्लॅस्टिकच्या दीड मिलिमीटर जाडीच्या टोप्यांचा आवाज पातळ टोप्यांपेक्षा खालच्या पट्टीतला असतो. फार उंच घडणीच्या टोप्या टाळा, आतली पोकळी मोठी असल्यामुळे त्या घुमतात.

टेबलाचा हिशेब मात्र चुकवू नका. ऑफिसचं लांब टेबल म्हणजे बहुधा लोखंडी सांगाड्यावर ठेवलेली दाबीव लाकडाची पातळ फळी. कीबोर्डच्या पायांतून धडधड त्या फळीत उतरते आणि समोर बसलेल्याला ती कोपरातून जाणवते. कानाला कमी ऐकू आली तरी त्याचं लक्ष त्याने मोडतं. ३ ते ४ मिलिमीटर जाडीचा मोठा डेस्क मॅट, कीबोर्ड आणि माउस दोन्ही मावतील एवढा, हा इथला सर्वांत स्वस्त आणि खात्रीचा उपाय आहे. कीबोर्डचे मागचे दुमडते पायही मिटून ठेवा. ते उघडले की कीबोर्डचा भार दोन कडक टोकांवर येतो आणि त्याखाली पोकळी तयार होते.

विकत घेताना

सॉकेटवाला, म्हणजे ज्यातले स्विच ओढून बदलता येतात असा हॉट-स्वॅप कीबोर्ड घ्या. या एका गोष्टीवर तडजोड करू नका. सायलेंट स्विच बसवूनच मिळणारे तयार कीबोर्ड थोडे असतात, आणि तोच स्विच तुमच्या हाताला रुचेल याची हमी नसते. सॉकेट नसेल तर ८७ बटणांचे, प्रत्येकी दोन याप्रमाणे, सोल्डरिंगचे १७४ टाके वितळवून काढावे लागतात. कीक्रॉनच्या व्ही आणि क्यू मालिकेत सॉकेट असतात. त्यांच्या के मालिकेतली काही मॉडेलं सॉकेटसह आणि सॉकेटशिवाय अशा दोन्ही रूपांत विकली जातात. तिथे नाव सारखंच दिसतं, म्हणून तपशील वाचा. आउटेमूचे जुने सॉकेट असलेल्या काही स्वस्त कीबोर्डमध्ये फक्त आउटेमूच्याच बारीक पिनांचे स्विच बसतात. स्विच तीन पिनांचा की पाच (धातूच्या दोन, बाकी प्लॅस्टिकच्या), हेही जुळवा. बोर्ड तीन पिनांचा असेल तर पाच पिनांच्या स्विचचे दोन प्लॅस्टिकचे पाय नेलकटरने कापता येतात.

बसवताना केबल काढलेली असू द्या. स्विच काढायच्या वेगळ्या पुलरने स्विचच्या वरच्या आणि खालच्या खाचा दाबून सरळ वर ओढा. नव्या स्विचच्या दोन्ही धातूच्या पिना सरळ आहेत का ते प्रत्येक वेळी बघा, मग अंगठ्याने सरळ खाली दाबा. जोर लागतोय असं वाटलं तर थांबा. तिरका शिरलेला स्विच पिन दुमडतो आणि ते बटण मुकं राहतं. तसं झालं तर घाबरू नका, स्विच काढून चिमट्याने पिन सरळ करा आणि पुन्हा बसवा. पाचेक स्विच जादा ठेवा.

आधीच घेतलेला कीबोर्ड सॉकेटचा नसेल, तर टोप्यांच्या दांडीत घालायच्या रबरी ओ-रिंग हा हाताशी असलेला उपाय. त्या फक्त खालचा ठोका झेलतात, वरचा नाही, म्हणून अर्धंच काम होतं. शिवाय बटण कमी खोल जातं. काही टोप्यांच्या आतल्या रचनेमुळे रिंग स्विचला टेकतच नाही. आधी चार बटणांवर लावून बघा.

डेस्कवर ठेवण्याआधीची चाचणी

इंटरनेटवरच्या आवाजाच्या व्हिडिओंवरून निर्णय घेऊ नका. तिथे माइक कीबोर्डला खेटून असतो आणि आवाज वाढवलेला असतो. त्याऐवजी फोन शेजारी बसतो त्या अंतरावर, म्हणजे एक मीटरवर, ठेवा. एकच परिच्छेद आधी लॅपटॉपच्या कीबोर्डवर, मग नव्यावर, नेहमीच्या वेगाने दोन-दोन मिनिटं टाइप करून रेकॉर्ड करा आणि दोन्ही हेडफोनवर लागोपाठ ऐका. डेसिबेल मोजणारं अॅप लावलं तर सरासरीपेक्षा सर्वोच्च आकडा बघा. टायपिंगची सरासरी मधल्या शांततेने खाली येते आणि फसवते. दहा डेसिबेलची वाढ कानाला साधारण दुप्पट मोठी वाटते. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केलं की सहा डेसिबेल उतरतात, पण काचेच्या भिंती आणि उघडं छत असलेल्या ऑफिसात एवढे उतरत नाहीत, कारण आवाज परतून येतो.

व्हिडिओ कॉलवर तर शेजारी कोण बसलंय याने फरकच पडत नाही. लॅपटॉपचा माइक त्याच टेबलावर असतो आणि फळीतून आलेली धडधड थेट उचलतो. तोंडाजवळ माइक असलेला हेडसेट वापरा आणि बोलणं चालू नसताना माइक बंद ठेवा.

एवढं करून रेकॉर्डिंगमध्ये नवा कीबोर्ड लॅपटॉपपेक्षा स्पष्ट मोठा ऐकू आला, तर कुठलं बटण वाजतंय ते शोधा. बहुतेक वेळा ते एकच असतं आणि लांब असतं. पान उलटल्याचा आवाजही ऐकू येईल अशा अगदी निःशब्द अभ्यासिकेत मात्र मेकॅनिकल कीबोर्ड नेऊच नये. तिथे लॅपटॉपसारख्या उथळ बटणांचा साधा बाहेरचा कीबोर्ड घ्या. त्याची बटणं इतकी कमी खोल जातात, की आपटायला त्यांना जागाच मिळत नाही.